कायदेमंडळाच्या दारी रयत

राज्यकारभाराच्या इतिहासात लढाया, तह आणि राज्यारोहणे यांना जेवढी जागा मिळते, तेवढी ‘ऐकून घेणे’ या साध्या गोष्टीला मिळत नाही. वस्तुतः कोणत्याही राज्याची खरी परीक्षा याच गोष्टीत होत असते. ज्याच्यावर हुकूम बजावावयाचा, त्याचे म्हणणे हुकुमापूर्वी ऐकले जाते की हुकुमानंतर, की मुळीच ऐकले जात नाही, यावरून त्या राज्यातील माणसाची किंमत ठरते. आज ज्या भूमीवर नवी मुंबईचे मनोरे उभे आहेत, त्या भूमीच्या निमित्ताने हा प्रश्न महाराष्ट्रात मोठ्या तीव्रतेने विचारला गेला. त्याचे उत्तर शोधावयाचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाणे भाग आहे.

मराठेशाहीत वतनाचा वा जमिनीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे तो गोतसभेपुढे जात असे. वादी आणि प्रतिवादी आपापला करीना सांगत, गोही-साक्षीदारांच्या जबान्या होत आणि शेवटी निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या महजरावर सभेस हजर असलेल्या पाटील-कुलकर्ण्यांची, शेटे-महाजनांची नावे पडत. शेतकरी आपल्या नावापुढे नांगराची, तर कारागीर आपापल्या हत्याराची निशाणी करीत असे. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याचीही हजेरी कागदावर राहत असे, ही त्या पद्धतीतील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय. त्या सभांत सर्वांना सारखे स्थान होते असे मात्र मुळीच नव्हे. जातीची उतरंड तेथेही होती, आणि नवा नियम करण्याचा अधिकार तर रयतेला नव्हताच. चालत आलेल्या वहिवाटीचा निवाडा करणे एवढेच गोताचे काम होते.

इंग्रजी अमलात वहिवाटीची जागा छापील कायद्याने घेतली, आणि कायदा करणारे कोण, हा प्रश्न प्रथमच स्पष्टपणे पुढे आला. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, नौरोजी फरदुनजी हे तिचे पुढारी होते. कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती, ती संधी साधून या मंडळींनी विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला व कायदे करण्याच्या कामी येथील लोकांना स्थान असावे अशी मागणी केली. पुढे १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यास कायदेकौन्सिल मिळाले आणि २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक भरली. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क अध्यक्षस्थानी होते आणि नेमलेल्या सभासदांत नाना शंकरशेट होते. परंतु या कौन्सिलाला सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. पुढे आलेल्या विधेयकावर बोलावे आणि घरी जावे, एवढीच सभासदाची मर्यादा होती. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा मिळाली आणि नगरपालिका, लोकल बोर्डे इत्यादी संस्थांच्या शिफारशीने काही लोकपक्षीय सभासद आत जाऊ लागले.

त्या सभासदांनाही आपल्या शब्दाचे वजन किती, याचा अनुभव १९०१ च्या ऑगस्टमध्ये आला. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती गहाण टाकण्याचा वा विकण्याचा हक्क शेतकऱ्यास राहू नये, अशा आशयाची दुरुस्ती जमीनमहसुलाच्या कायद्यात करण्याचे सरकारने योजले. शेतकऱ्यास सावकारापासून वाचवावे हा हेतू सांगितला जात होता. लोकपक्षाचे म्हणणे असे, की ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यांचे मत अजमावल्यावाचून एवढा मोठा बदल करणे उचित नाही. सरकारी मताधिक्यापुढे हे म्हणणे टिकले नाही. तेव्हा सर फिरोजशहा मेहता सभागृह सोडून बाहेर पडले आणि त्यांच्यामागोमाग नामदार गोखले व इतर सभासद उठले. विधेयक मंजूर झाले ते झालेच. परंतु ऐकून न घेता केलेल्या कायद्याविरुद्ध सभासदांनी मोकळ्या सोडलेल्या त्या खुर्च्या पुष्कळ दिवस लोकांच्या स्मरणात राहिल्या.

१९१९ च्या सुधारणांनंतर कौन्सिलात निवडून आलेल्यांचे बहुमत झाले. तरी मतदानाचा हक्क सारा, कर वा शिक्षण यांच्या मापाने मिळत असल्यामुळे बहुसंख्य कुळे व मजूर त्याच्या बाहेरच राहिले. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुली करावीत असा ठराव कौन्सिलात मंजूर करून घेतला. ठराव झाला, कागदावर शाई वाळली. पण कुलाबा जिल्ह्यातील महाडचे चवदार तळे बंद ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाचा अर्थ देशाला समजला. कायदेमंडळाने बोललेला शब्द आणि रयतेच्या अंगणात उतरलेला शब्द यांत किती अंतर असू शकते, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

त्याच कुलाबा जिल्ह्यात दुसरे एक दुःख पिढ्यान्‌पिढ्या साचत आले होते. ते खोतीचे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सरकारचा सारा तो भरी आणि कुळाकडून भाताचा वाटा घेई. हा वाटा पुष्कळदा निम्म्यापर्यंत जाई. खाडीकाठच्या खारजमिनीत बांध घालून समुद्राचे पाणी अडवावयाचे कुळाने, चिखलात राबावयाचे कुळाने, आणि खळ्यावर माप पडताना मात्र मालक दुसरा, अशी ही रचना होती. अलिबागेजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली जमिनी न कसण्याचा निर्धार झाला. पंचवीस गावे त्या संपात उतरली. एक हंगाम गेला, दुसरा गेला. भात पिकविणाऱ्यांच्या घरी भात नाही, जंगलातील लाकूडफाटा विकून दिवस काढावयाचे, अशी स्थिती आली. तरी १९३९ पर्यंत हा संप मोडला नाही. हिंदुस्थानच्या शेतकरी चळवळीत इतका दीर्घ संप विरळाच.

१९३५ च्या कायद्यान्वये प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मुंबई शहरातून निवडून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक असेंब्लीत मांडले. खोतास वाजवी मोबदला द्यावा आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यास जमीनमहसुलाच्या कायद्यातील कब्जेदाराचा दर्जा द्यावा, असा त्याचा आशय होता. विधेयक मांडले गेले, परंतु ते पुढे सरकेना.

आणि मग १० जानेवारी १९३८ हा दिवस उजाडला. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक इत्यादी जिल्ह्यांतून आलेले वीस-पंचवीस हजार शेतकरी त्या दिवशी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. हे ‘चालून जाणे’ शस्त्राचे नव्हते. हातात मागण्यांचे फलक होते आणि तोंडी एकच गाऱ्हाणे होते, खोती जावी व कसणाऱ्याला संरक्षण मिळावे. त्या काळी असेंब्ली ज्या इमारतीत भरे, ती मूळची खलाशांच्या वसतिगृहासाठी बांधलेली. १९२८ पासून तिच्यात कायदेमंडळाच्या बैठका होत; आज तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. ज्या दारातून पूर्वी दर्यावर्दी आत जात, त्या दाराशी आता शेतकरी उभे होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कायदे करणारे घर त्यापूर्वी पाहिलेही नसावे.

येथे एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. कायदेमंडळाच्या सभागृहात निवडून न आलेल्या माणसास बोलता येत नाही. परवाना मिळाल्यास तो प्रेक्षकांच्या सज्जात बसू शकतो, पण तेथे त्याने मौन पाळावयाचे असते. त्यातून १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतिक कायदेमंडळाचे काम इंग्रजीत चालावयाचे; ज्या सभासदास ती भाषा पुरेशी येत नसेल, त्याला तेवढी दुसऱ्या भाषेत बोलण्याची सवलत होती. म्हणजे कुलाब्याचा एखादा शेतकरी सज्जात जाऊन बसला असता, तरी स्वतःच्याच जमिनीविषयी काय चालले आहे हे त्याला कळणे कठीण होते. म्हणून त्या दिवशी दाराबाहेर जे घडले, ते आतल्या कामकाजाइतकेच महत्त्वाचे मानावे लागते. शेतकऱ्यांचे शिष्टमंडळ मुख्य प्रधान खेर यांस भेटले व त्यांनी मागण्या समक्ष मांडल्या. आतील भाषा न समजणाऱ्या माणसांचे म्हणणे आतल्या माणसास ऐकावे लागले. कोकणच्या रयतेच्या दृष्टीने कायदेमंडळापुढील सुनावणीचा पहिला दिवस म्हणावयाचा, तर तो हाच होय.

फळ लगेच पदरात पडले नाही. १९३९ चा कूळकायदा आला. १९४८ साली त्याहून व्यापक असा कूळवहिवाट व शेतजमिनीचा कायदा झाला. खोती नष्ट करण्याचा १९४९ चा कायदा पुढील वर्षी अमलात आला. अखेर १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कृषक दिन’ म्हणून ठरला आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. त्याच वर्षी उरण तालुक्यातील जासई गावचे तरुण वकील दिनकर बाळू पाटील शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. वीस वर्षांपूर्वी जी रयत दाराबाहेर उभी होती, तिचा मुलगा आता आतल्या बाकावर जाऊन बसला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु इतिहासाचे चक्र येथे थांबले नाही. मुंबई बेट माणसांनी भरून गेले होते. खाडीच्या पलीकडे दुसरे शहर वसवावे ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या स्थापत्यज्ञांनी मांडली. प्रादेशिक योजनाकारांनी ती उचलून धरली आणि सरकारने मान्य केली. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ हे महामंडळ स्थापन झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात ८६ गावांतील १५,९५४ हेक्टर खासगी जमीन संपादनासाठी अधिसूचित झाली होती. ऑगस्ट १९७३ मध्ये आणखी नऊ गावांतील २,८७० हेक्टर जमिनीची तीत भर पडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील पंच्याण्णव गावांवर त्या योजनेची रेघ ओढली गेली.

तारखांकडे पाहिले म्हणजे या प्रसंगातील मर्म कळते. ज्या कुळाला १९५७ साली जमिनीची मालकी मिळाली, त्याच्या दारी १९७० साली संपादनाची नोटीस आली. बापजाद्यांनी खोताच्या मापात घातलेले भात, चरीच्या रानात काढलेले उपाशी दिवस, कौन्सिल हॉलवर केलेली पायपीट, या साऱ्यांतून जो सातबारा हाती आला, त्याचे आयुष्य अवघे तेरा वर्षांचे ठरावे, ही गोष्ट हलकी नव्हती. शिवाय मोबदला मिळावयाचा तो ज्याचे नाव कागदावर आहे त्यास. मिठागरावर राबणारा, खाडीत जाळे टाकणारा, दुसऱ्याच्या शेतावर लावणीस जाणारा, यांचे जगणे त्याच भूमीवर अवलंबून होते. पण सातबाऱ्यावर त्यांना जागा नव्हती. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. मुंबईत लाखो माणसे कोंदट चाळींतून व झोपड्यांतून राहत होती. त्यांना घरे हवी होती, आणि घरे काही आकाशात बांधता येत नाहीत. दोन खऱ्या गरजा समोरासमोर आल्या म्हणजे सुनावणीचे महत्त्व शतपट वाढते.

अशा प्रसंगी कायद्याने काय सोय ठेवली होती? १८९४ च्या भूसंपादन कायद्यात आरंभी धन्याला हरकत घेण्याची तरतूदच नव्हती. सरकारने ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणावे आणि धन्याने मोबदल्यापुरते भांडावे, एवढाच मार्ग होता. १९२३ साली त्यात ‘५ अ’ हे कलम घातले गेले. त्यान्वये अधिसूचनेपासून तीस दिवसांत लेखी हरकत घेता येई आणि कलेक्टरने हरकतदाराचे म्हणणे समक्ष वा वकिलामार्फत ऐकून सरकारला अहवाल द्यावा, असे ठरले. तथापि या तरतुदीत दोन उणिवा होत्या. एक तर, तातडीचे कारण दाखवून सरकारला ही सुनावणी वगळता येत असे. आणि दुसरे म्हणजे, ऐकणारा एक व निर्णय घेणारा दुसरा. गावकरी आपले म्हणणे ज्याच्यापुढे मांडी, त्याच्या हाती अहवाल लिहिण्यापलीकडे काही नसे. एरवी चावडीवर चिकटविलेली नोटीस वाचून कचेरीची पायरी प्रथमच चढणाऱ्या माणसास हा भेद कोठून कळावा? आपण बोललो, साहेबाने मान हलविली, म्हणजे काम झाले, असे समजून तो परत फिरे.

जेथे कान बंद होतो, तेथे रस्ता बोलू लागतो. योग्य मोबदला व विकसित जमिनीत वाटा या मागण्यांसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांचे आंदोलन वाढत गेले. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई परिसरात गोळीबार होऊन पाच माणसे प्राणास मुकली. भातशेतीच्या बांधावर सांडलेल्या त्या रक्तानंतरच, १९९० व १९९४ सालच्या सरकारी निर्णयांनी, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धन्यास परत देण्याची योजना आकारास आली. सार्वजनिक सोयींसाठीची कपात जाता त्यातील पावणेनऊ टक्के हाती येतात. पण मोबदला म्हणजे केवळ पैसा नव्हे, नव्या शहरात जुन्या धन्यालाही ठिकाण असले पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठवावी लागली, तेव्हा हा वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. त्या विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ साली केला. ज्या सभागृहात त्यांनी रयतेचे गाऱ्हाणे मांडले, त्यानेच ही शिफारस करावी, यात एक प्रकारचा न्याय आहे. पाच माणसांचे प्राण मात्र कोणत्याही ठरावाने परत येत नाहीत.

दरम्यान देशाच्या कायद्यातही सुनावणीचे स्थान पक्के होत गेले. १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी आवश्यक ठरली. २००६ च्या अधिसूचनेने तिची रीत अधिक काटेकोर केली. तीस दिवसांची नोटीस असावी, सुनावणी प्रकल्पाच्या जागी वा तिच्या निकट व्हावी, तिचे चित्रण व्हावे, आणि शेवटी कामकाजाचा वृत्तान्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, असे तीत सांगितले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर १८९४ चा कायदाच रद्द केला. सामाजिक परिणामांची पाहणी करताना बाधित गावी जनसुनावणी घेणे बंधनकारक केले. आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, पण त्या जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबांनाही बाधित मानले. मिठागरावरचा मजूर आणि खाडीतला कोळी यांना कायद्याच्या भाषेत प्रथमच जागा मिळाली, ती पंच्याण्णव गावांची रेघ ओढल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

विधिमंडळाचे दारही आता पूर्वीइतके अरुंद राहिलेले नाही. १९८१ पासून ते मुंबईत नरिमन पॉइंटच्या नव्या वास्तूत भरते आणि त्याचे कामकाज मराठीत चालते. महत्त्वाचे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, म्हणजे ती समिती लोकांकडून सूचना मागवू शकते व संबंधितांची साक्ष ऐकू शकते. नागरिकाचे गाऱ्हाणे तपासण्यास विनंती अर्ज समिती आहे. वाशी, बेलापूर, नेरूळ येथे राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांना सुनावणी म्हटली की ती बहुधा वीजदराची वा विकास आराखड्यावरील हरकतींची आठवते, आणि पुष्कळदा अशा ठिकाणी खुर्च्या रिकाम्या राहतात. ज्यांच्या घरांखाली त्या पंच्याण्णव गावांची शेते आहेत, त्यांनी तरी त्या रिकाम्या खुर्चीची किंमत जाणली पाहिजे.

सुनावणी झाली म्हणजे न्याय झालाच, असे नव्हे. ऐकणाऱ्याच्या हाती अधिकार हवा, ऐकलेले लिहिले गेले पाहिजे, आणि नाकारले तर का नाकारले याचे कारण मिळाले पाहिजे. यांतील एकही गोष्ट नसेल तर सुनावणीचा केवळ उपचार होतो. परंतु जेथे हा उपचारही नसतो, तेथे काय घडते हे कोकणच्या या पट्ट्याने दोनदा पाहिले आहे. एकदा सहा वर्षांच्या संपात आणि एकदा दोन दिवसांच्या गोळीबारात. जुन्या महजरावर निरक्षर शेतकरी नांगराची निशाणी करून ‘मी हजर होतो’ असे सांगत असे. आजच्या नागरिकास सही करता येते. तिच्याकरिता कचेरीपर्यंत जाण्याचे कष्ट मात्र त्यालाच घ्यावे लागतील.